चिपमधल्या वायरींचा क्रॉसटॉक आणि त्यात वाया जाणारी पॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, लोणेरे इकडे व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइन, शिकणाऱ्या मुलामुलींकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर तर कधी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या तोंडावर, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. क्रॉसटॉक म्हणजे शेजारून जाणाऱ्या एका वायरीच्या सिग्नलचा दुसरीवर होणारा परिणाम. एक गोष्ट आधीच सांगतो. वर्गात क्रॉसटॉक शिकवतात तो जवळजवळ सगळा टायमिंगच्या अंगाने, की सिग्नल किती उशिरा पोचला, नॉइज किती आला वगैरे. पॉवरचा हिशोब वेगळा आहे. टायमिंगसाठी केलेला उपाय पॉवर वाचवेलच असं अजिबात नाही, काही वेळा तर वाढवतो, आणि खालची बरीचशी उत्तरं ह्याच मुद्द्याभोवती आहेत.

क्रॉसटॉकमध्ये पॉवर जाते म्हणजे नक्की कुठे जाते?

दोन वायरी शेजारी शेजारी गेल्या की त्यांच्यामध्ये कॅपॅसिटन्स तयार होतो, त्याला कपलिंग कॅपॅसिटन्स म्हणतात. वायरीचा खालच्या-वरच्या लेयरशी असतो तो ग्राउंडचा कॅपॅसिटन्स. एक वायर ० वरून १ झाली की हे दोन्ही चार्ज करायला लागतात, आणि तो चार्ज ट्रान्झिस्टर आणि वायरीच्या रेझिस्टन्समधून जातो तिथे उष्णता होते. म्हणजे पॉवर कपलिंग कॅपॅसिटरमध्ये "खर्च" होत नाही, तो फक्त साठवतो आणि परत देतो, खर्च होते ती ड्रायव्हरमध्ये (वायर हलवणाऱ्या गेटमध्ये) आणि वायरीत. पण किती खर्च होणार हे ठरवतो तो कॅपॅसिटर, आणि मुख्य म्हणजे शेजारची वायर त्याच वेळी काय करतेय ते. हरणै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात एकमेकींना दोरीने बांधलेल्या दोन होड्या बघा, लाटेवर दोन्ही एकदम वर गेल्या तर दोरीला काहीच ताण नाही, एक वर आणि एक खाली गेली की दोरी कचकन ताणते. वायरींचं तसंच.

"शेजारी काय करतोय" ह्याने नेमका किती फरक पडतो?

भरपूर पडतो. तीन केस आहेत (वायर हलली म्हणजे तिच्यावरचा ० चा १ किंवा १ चा ० झाला, सी म्हणजे कपलिंग कॅपॅसिटन्स, व्ही म्हणजे सप्लायचं व्होल्टेज). दोन्ही वायरी एकाच दिशेने हलल्या तर मधल्या कपलिंगवरचा व्होल्टेज बदलतच नाही, खर्च शून्य. एकच हलली तर बदल व्ही इतका, खर्च अर्धा सी व्ही वर्ग. दोन्ही उलट दिशेने हलल्या तर बदल दोन व्ही, आणि वर्ग असल्यामुळे खर्च चौपट, म्हणजे दोन सी व्ही वर्ग. टायमिंगच्या पुस्तकात मिलर फॅक्टर, म्हणजे शेजाऱ्यामुळे कपलिंग कितीपट भासतं तो आकडा, ०, १, २ असा शिकतो तिथे उलट केस दुप्पट वाटते, पण दोन्ही वायरींची एनर्जी मिळून धरली की एकटी वायर हलण्याच्या चौपट होते, इथे पोरं हमखास अडकतात.

आकडे घालून बघू म्हणजे डोक्यात बसेल. ६४ बिटची बस, म्हणजे शेजारी शेजारी जाणाऱ्या ६४ वायरी, लांबी ५ मिलिमीटर, व्होल्टेज १. वायरीचा एकूण कॅपॅसिटन्स मायक्रॉनला साधारण ०.२ फेम्टोफॅरड हा जुना अंदाज अजूनही बऱ्यापैकी चालतो, म्हणजे एका वायरीला १ पिकोफॅरड. त्यातला ०.४ ग्राउंडचा आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांशी ०.३, ०.३ असं मी धरलंय, तुमच्या प्रोसेसमध्ये वेगळं असेल. आता सगळ्या ६४ वायरी एकदम ० वरून १ झाल्या तर खर्च फक्त ग्राउंडचा, १२.८ पिकोज्यूल. आणि ०१०१०१ चं १०१०१० झालं तर तेवढ्याच ६४ वायरी हलल्या, पण ६३ जोड्यांचे प्रत्येकी ०.६ म्हणजे ३७.८ वर चढले, एकूण ५०.६ पिकोज्यूल. हललेल्या वायरी तेवढ्याच आणि खर्च जवळपास चौपट!! म्हणून नुसतं "किती बिट फ्लिप झाले" मोजून बसची पॉवर सांगणं अर्धवट आहे.

पण खऱ्या डेटामध्ये दर वेळी वर्स्ट केस थोडीच येते, सरासरी काय निघते?

बरोबर प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा. डेटा पूर्ण रँडम असला, एका बिटचा दुसऱ्याशी काही संबंध नसला, तर कधी शेजारी एकाच दिशेने जातात कधी उलट, आणि सरासरीला दोन्ही एकमेकांना फेडतात. वरच्याच बसला रँडम डेटा दिला की ग्राउंडचे ६.४ आणि कपलिंगचे साधारण ९.५, मिळून १६ पिकोज्यूलच्या आत बाहेर. एक गिगाहर्ट्झला १६ मिलिवॉट.

म्हणजे सरासरी पॉवरसाठी खरा प्रश्न असा की शेजारच्या दोन वायरींच्या बदलांमध्ये कोरिलेशन आहे का. बदल वरती असेल तर +१, खाली असेल तर −१, नाही झाला तर ०, असे दोन वायरींचे आकडे घ्या, प्रत्येक सायकलला त्यांचा गुणाकार करा, आणि सरासरी काढा. ती शून्य आली तर शेजाऱ्यांच्या दिशांमुळे फायदाही नाही तोटाही नाही. पॉझिटिव्ह आली तर त्या दोघी शेजारी असणं चांगलंय, निगेटिव्ह आली तर त्या दोघींना लांब करा. हे एक गणित हातात आलं की पुढचे निम्मे उपाय कुठे लागू पडतात आणि कुठे फुकट हे आपोआप कळतं, म्हणून प्रत्येकाने ते स्वतःच्या डिझाइनच्या डेटावर एकदा तरी करावंच.

मध्ये शिल्ड वायर टाकली की पॉवर वाचते ना?

नाही. हे उत्तर ऐकून खूप जण वाद घालतात, म्हणून हिशोबच देतो. शिल्ड म्हणजे दोन सिग्नलच्या मध्ये ग्राउंडची किंवा सप्लायची वायर. शिल्ड कधी हलत नाही, म्हणून वर्स्ट केस पळाली, नॉइज पळाला, टायमिंगचा अंदाज पक्का झाला, हे सगळं खरं. पण आता प्रत्येक सिग्नलच्या दोन्ही बाजूला न हलणारा शेजारी आहे. वरच्या उदाहरणात ०१०१ चं १०१० झालं तर ५०.६ चे ३१.७ पिकोज्यूल झाले, छान. पण सगळ्या वायरी एकदम वर गेल्या तर आधी १२.८ लागत होते तिथेही आता ३१.७ लागतात! आणि रँडम डेटाला? आधी १६, आताही तेवढेच. ट्रॅक दुप्पट गेले, एरिया दुप्पट, आणि सरासरी पॉवरमध्ये काहीच हाती लागलं नाही.

शिल्ड वाईट असं म्हणत नाहीये मी. क्लॉकला, रिसेटला, अ‍ॅनालॉगच्या नाजूक लाइनला शिल्ड हवीच, तिथे चूक झाली तर चिपच चालणार नाही. फक्त रिपोर्टमध्ये "शिल्डिंगने पॉवर कमी केली" असं लिहू नका.

मग तोच ट्रॅक रिकामा सोडला तर?

तर वाचते, आणि चांगली वाचते. अंतर वाढवलं की कपलिंग साधारण त्या प्रमाणात कमी होतं. दुप्पट अंतराला अगदी अर्धं होत नाही, कारण कडांचं फील्ड असतं आणि ग्राउंडचा वाटा थोडा वाढतो, पण आपल्या उदाहरणात रँडम डेटाचे १६ पिकोज्यूल ११-१२ पर्यंत उतरतात. कोरिलेशन असो नसो, डेटा कसाही असो, फायदा होतोच. म्हणून जागा असेल आणि हेतू पॉवर असेल तर शिल्डऐवजी मोकळी जागा.

जागा सगळीकडे नसतेच, मग कुठे खर्च करायची हे ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर पहिली क्लॉकला. डेटाची वायर रँडममध्ये दोन सायकलला एकदा हलते, काही तर तासन्‌तास हलत नाहीत, आणि क्लॉक प्रत्येक सायकलला दोनदा हलतो, वर आणि खाली. त्यामुळे क्लॉकच्या बाजूला सोडलेला प्रत्येक मायक्रॉन जास्त कमावून देतो. राउटिंग टूलमध्ये ह्याला नॉन डिफॉल्ट रूल म्हणतात, एनडीआर, आणि क्लॉकला दुप्पट अंतराचा एनडीआर लावणं ही अगदी रोजची पद्धत आहे. त्यानंतर सगळ्यात जास्त हलणाऱ्या लांब बस. शंभर मायक्रॉनच्या आतल्या लोकल वायरींच्या मागे लागू नका.

हा प्रॉब्लेम पूर्वी नव्हता का? नवीन नोडमध्येच (म्हणजे चिप बनवण्याच्या नव्या, लहान मापाच्या पिढीत) का ऐकू येतो?

पूर्वीही होता पण वायरी रुंद आणि बसक्या होत्या, त्यामुळे ग्राउंडचा वाटा मोठा. नोड लहान होत गेला तशी रुंदी आणि अंतर कमी झालं, पण उंची त्या प्रमाणात कमी करता येईना, कारण तसं केलं तर रेझिस्टन्स फारच वाढतो. मग वायरी उंच आणि अरुंद झाल्या, उंची रुंदीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, आणि समोरासमोरच्या उभ्या बाजू हाच मोठा कॅपॅसिटर झाला. ओपन असलेल्या स्कायवॉटर १३० नॅनोमीटर प्रोसेसमध्येसुद्धा पहिल्या मेटलची कमीत कमी रुंदी ०.१४ मायक्रॉन आणि अंतरही तेवढंच आहे.

मटेरियलवाल्यांनी आपल्या परीने बरंच केलंय. आयबीएमने १९९७ मध्ये अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांब्याच्या वायरी जाहीर केल्या, तांब्याचा रेझिस्टन्स कमी म्हणून वायर थोडी बुटकी चालते. मधलं इन्सुलेशन सिलिकॉन डायऑक्साइड होतं, त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.९, त्याच्या जागी ३ किंवा त्याच्या खालचे लो-के मटेरियल आले. हवेचा १, म्हणून इंटेलने १४ नॅनोमीटरच्या प्रोसेसमध्ये दोन मेटल लेयरमध्ये चक्क एअर गॅप ठेवले. पण हे फॅबवाल्यांच्या हातात, डिझाइन करणाऱ्याला जी प्रोसेस मिळेल ती घ्यायची.

शेजारच्या वायरी वेगवेगळ्या वेळी हलवल्या तर? म्हणजे थोडा डिले देऊन?

उलट दिशेच्या केसमध्ये फायदा आहे. एकदम उलट हलल्या तर दोन सी व्ही वर्ग, आणि आधी एक मग दुसरी असं केलं तर अर्धा अधिक अर्धा, म्हणजे एकच सी व्ही वर्ग. निम्मा. पण एकाच दिशेने जाणाऱ्यांचं फुकट काम होतं ते आता एक सी व्ही वर्गाला पडतं. रँडम डेटाला परत तेच, सरासरी बदलत नाही. रिपीटर (लांब वायरीत मध्ये मध्ये सिग्नल ताजा करणारे गेट) एकाआड एक सरकवून बसवणं किंवा इन्व्हर्टरची पोलॅरिटी आलटून पालटून ठेवणं, हे उपायही टायमिंगला फार सुंदर आहेत, वर्स्ट केस मधोमध येते, पण रँडम डेटाच्या सरासरी एनर्जीला हात लागत नाही. निगेटिव्ह कोरिलेशन पक्कं माहीत असेल तरच पॉवरसाठी वापरा.

वायरींचा क्रम बदलणं कितपत उपयोगी?

माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात स्वस्त उपाय. ना जास्त वायर, ना एन्कोडर, फक्त कोण कोणाच्या शेजारी बसणार ते बदलायचं. उदाहरण घ्या, टूज कॉम्प्लिमेंटमधला ऑडिओ किंवा सेन्सरचा डेटा. आकडा लहान असला की वरचे सगळे बिट हे साइन बिटच्याच कॉपी असतात, आकडा पॉझिटिव्हचा निगेटिव्ह झाला की ते सगळे एकदम एकाच दिशेने जातात. खालचे बिट मात्र रँडमसारखे. मग वरचे बिट एकमेकांच्या शेजारीच राहू द्या, दाट ठेवा, मध्ये शिल्ड टाकायची चूक करू नका, आणि असलेली मोकळी जागा खालच्या बिटना द्या. दोन वेगळ्या बस शेजारून जात असतील तर एकीचे बिट दुसरीत मिसळून ठेवण्याआधी कोरिलेशन तपासा. कमी हलणाऱ्या कंट्रोल लाइन जास्त हलणाऱ्या दोन लाइनच्या मध्ये घातल्या की त्या जवळजवळ शिल्डचंच काम करतात आणि वेगळा ट्रॅक जात नाही, हे टायमिंगलाही बरं पडतं, फक्त त्या कंट्रोल लाइनला नॉइज सहन होतो का ते बघा.

बस-इन्व्हर्ट कोडिंग आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये असतं, ते खरंच चालतं का?

चालतं, पण कशासाठी ते समजून घ्या. १९९५ मध्ये स्टॅन आणि बर्ल्सन ह्यांनी मांडलं. निम्म्याहून जास्त बिट बदलणार असतील तर सगळा शब्द उलटा करून पाठवायचा आणि एका जादा वायरीवर "उलटा केलाय" हे सांगायचं. ८ बिटला रँडम डेटामध्ये सरासरी ४ ट्रान्झिशन लागतात त्याऐवजी जादा वायर धरूनही ३.२७ लागतात, म्हणजे १८ टक्के बचत. पण ६४ बिटला एकच जादा वायर लावली तर बचत ८-९ टक्क्यांवर येते, कारण एवढ्या बिटांमध्ये निम्म्यापासून लांब जाणं दुर्मिळ. मग ८-८ चे गट करा, १८ टक्के परत मिळतात, पण वायरी ६४ च्या ७२ झाल्या. प्रोजेक्टमध्ये ही गटांची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात.

आणि मोठी अडचण अशी की ही पद्धत फक्त फ्लिप मोजते, शेजाऱ्याची दिशा बघतच नाही. ती चिपच्या बाहेरच्या बससाठी अगदी योग्य आहे, तिथे ग्राउंडचा आणि पॅडचा कॅपॅसिटन्स मोठा असतो. डीडीआर४ मेमरीत डेटा बस इन्व्हर्जन आहे ते ह्याच कुळातलं, तिथे फ्लिपऐवजी शून्यांची संख्या कमी करतात कारण तिथल्या टर्मिनेशनमध्ये शून्य पाठवायला करंट लागतो. चिपच्या आत मात्र निर्णय कपलिंगसकट घ्यायला हवा. त्यासाठी एक सोपा प्रकार म्हणजे सम आणि विषम नंबरच्या वायरींना वेगवेगळं इन्व्हर्ट करायचं, दोन जादा वायरी लागतात, चार पर्याय मिळतात, आणि प्रत्येकाची कपलिंगसकट एनर्जी काढून सगळ्यात कमीचा निवडायचा. ०१०१ चं १०१० होताना जिथे साधं बस-इन्व्हर्टही आणि हेही वाचवतं तिथे फरक कळत नाही, पण निम्म्याच वायरी हलतायत आणि त्याही वाईट दिशेने अशा वेळी हे पुढे जातं.

अ‍ॅड्रेस बस असेल तर ग्रे कोड बघा. साध्या बायनरीत एकेक मोजत गेलं तर सरासरी दोन बिट बदलतात, ग्रे मध्ये एकच. आणि एकच बदलतो म्हणजे उलट दिशेची केस येऊच शकत नाही, हा कपलिंगच्या बाजूचा बोनस. बायनरीत ०१११ चं १००० होतं तिथे वरच्या दोन वायरी बरोबर उलट जातात. प्रोसेसरचा अ‍ॅड्रेस ४-४ ने वाढत असेल तर ग्रे कोड खालचे दोन बिट सोडून लावायचा, हे विसरलात तर फायदा गेला.

क्रॉसटॉक अव्हॉइडन्स कोडमध्ये फिबोनाची कुठून आला?

हा भाग मला मनापासून आवडतो. हे कोड म्हणजे डेटा अशा शब्दांत बदलून पाठवायचा की क्रॉसटॉकची वाईट केस येतच नाही. अट अशी ठेवा की कुठल्याही दोन शेजारी वायरींनी कधीच एकमेकींच्या उलट दिशेला जायचं नाही. मग प्रत्येक जोडीला ०१ किंवा १० ह्यातला एक पॅटर्न कायमचा बंद करायचा, पहिल्या जोडीला ०१ बंद, दुसरीला १० बंद, तिसरीला परत ०१, असं. तीन वायरींवर मग पाचच शब्द उरतात: ०००, ००१, १००, १०१, १११. चार वायरींवर आठ. पुढे तेरा, एकवीस. म्हणजे फिबोनाची. आठ शब्द म्हणजे ३ बिट, तर ३ बिट पाठवायला ४ वायरी लागल्या, मध्ये शिल्ड टाकून ५ लागल्या असत्या. ३२ बिटला ४६ वायरी पुरतात, शिल्ड टाकून ६३.

हीच मोजणी आपल्याकडे छंदशास्त्रात आधीच झालेली. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, तर अमुक मात्रांची किती वृत्तं होतील, हे विरहांकाने आणि मग ११५० च्या सुमारास हेमचंद्राने सांगितलं, फिबोनाचीने १२०२ मध्ये मांडण्याच्या आधी. ०-१ च्या ओळींवर अशी अट घातली की हीच माळ निघते.

पॉवरचं काय? उलट केस गेली, पण वायरी ३२ च्या ४६ झाल्या आणि एन्कोडर-डिकोडरमध्ये बेरजा-वजाबाक्या आल्या. हे कोड मुळात वेगासाठी आहेत. मोजून बघितल्याशिवाय पॉवर वाचली असं धरू नका, आणि बस काही मिलिमीटर लांब नसेल तर बहुतेक वेळा कोडेकच वायरीपेक्षा जास्त खातो.

ड्रायव्हर मोठे केले तर क्रॉसटॉकचा त्रास कमी होतो असं टूल म्हणतं, करू का?

टायमिंग पास होत नसेल तर करावं लागेल, पण त्याच्या पोटात काय होतं ते बघा. मोठा ड्रायव्हर म्हणजे त्याचा स्वतःचा कॅपॅसिटन्स आणि लीकेज वाढलं, शिवाय त्याची एज (सिग्नलची चढ-उतार) आता जास्त तीव्र, म्हणजे तो शेजाऱ्यावर जास्त नॉइज टाकणार, मग टूल शेजाऱ्यालाही मोठा करणार. अशी साखळी लागते आणि शेवटी अख्खी बस फुगलेली मिळते. ड्रायव्हर वाढवण्याआधी अंतर आणि क्रम बघून घ्या. रिपीटरही तसेच, कमीत कमी डिलेसाठी काढलेला साइज आणि संख्या ही पॉवरला फार महाग असते, आणि थोडा डिले सोडायची तयारी असेल तर रिपीटर लहान आणि विरळ करून त्या मानाने बरीच जास्त पॉवर वाचते, कारण त्या डिलेचा ग्राफ तळाशी अगदी सपाट असतो.

ग्लिचमुळे पॉवर जाते का?

जाते. शांत वायरीवर शेजाऱ्यामुळे टेकाड, म्हणजे ग्लिच, आलं आणि पुढच्या गेटने ते खरं समजून पुढे ढकललं तर त्याच्या पुढचं सगळं लॉजिक उगाच हलतं. गेटने ढकललं नाही तरी इनपुट मधल्या व्होल्टेजला गेला तेवढा वेळ सप्लाय ते ग्राउंड सरळ करंट वाहतो. शेजारी उलट गेल्यामुळे एज मंद झाली तरी हेच होतं. मूळ स्विचिंगच्या तुलनेत हा वाटा सहसा लहान असतो.

सगळ्यात जास्त वाचवणारा उपाय एकच सांगायचा तर?

वायर हलूच न देणं. बस कोणी वाचत नसेल तेव्हा तिच्यावरचा जुना डेटा तसाच धरून ठेवा, क्लॉक गेटिंग करा (गरज नसेल तिथे क्लॉक बंद), वापरात नसलेल्या युनिटचे इनपुट गोठवा. न झालेल्या ट्रान्झिशनला ग्राउंडचा खर्च नाही आणि कपलिंगचाही नाही. त्याच्या खालोखाल व्होल्टेज, कारण तो वर्गात येतो. लांब बसवर स्विंग, म्हणजे ० आणि १ मधला व्होल्टेजचा फरक, कमी करता येतो, पूर्ण सप्लायमधून कमी स्विंग काढला तर बचत स्विंगच्या प्रमाणात, आणि त्या स्विंगची वेगळी सप्लाय दिली तर वर्गाच्या प्रमाणात, पण मग रिसीव्हर आणि नॉइज मार्जिन सांभाळावं लागतं आणि तिथे क्रॉसटॉक पुन्हा दारात उभा राहतो.

आमच्याकडे खारी हवा आणि पावसाळ्यात एवढी दमट, त्याने क्रॉसटॉक वाढतो का?

चिपच्या आत नाही. वर सिलिकॉन नायट्राइडचा थर असतो, त्यावर पॅकेज. तुमच्या सर्किट बोर्डवर मात्र खारी हवा नक्की त्रास देते, ट्रॅकमध्ये मीठ आणि ओल धरून लीकेज होतं, तांबं हिरवं पडतं, कनेक्टर जातात. बोटीवर किंवा किनाऱ्याला बसवायचं असेल तर बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग करून घ्या. तापमानाने चिपमध्ये वायरीचा रेझिस्टन्स आणि लीकेज वाढतं, कपलिंग जवळपास तेवढंच राहतं.

हापूसच्या बागेत बॅटरीवर चालणारा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर बनवतोय, त्यात हे सगळं बघायला हवं?

नको. तो मायक्रोकंट्रोलर दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला, उठतो, वाचतो, रेडिओवर पाठवतो, परत झोपतो. तुमची बॅटरी स्लीप करंट आणि रेडिओ खातो, तिकडे लक्ष द्या. वायरींमधला क्रॉसटॉक पॉवरसाठी महत्त्वाचा होतो तो सतत डेटा ढकलणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे फोनचा प्रोसेसर, कॅमेऱ्याची पाइपलाइन, एआयचे अ‍ॅक्सिलरेटर, मेमरी आणि कोअरच्या मधल्या रुंद बस.

सगळा समाजला, पण सुरवात खयसून करूची?

एनजीस्पाइस ह्या सर्किट सिम्युलेटरपासून करा, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर पण धावतं. तीन वायरी घ्या, प्रत्येकीला ग्राउंडचा कॅपॅसिटर, मध्ये दोन कपलिंगचे, ड्रायव्हरला इन्व्हर्टर. वायरीचा रेझिस्टन्स चार-पाच तुकड्यांत वाटून टाका. मग सप्लायच्या करंटचं इंटिग्रेशन करून एनर्जी काढा. इथे एक खाच आहे. एकाच एजची एनर्जी काढू नका. काही चार्ज कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो आणि काही वेळा शेजाऱ्यामार्फत सप्लायला परत जातो, त्यामुळे एका एजचे आकडे विचित्र दिसतात, कधी तर निगेटिव्हही. पॅटर्न पुढे नेऊन परत मूळ जागी आणा, ०१० चं १०१ आणि परत ०१०, आणि पूर्ण फेरीची एनर्जी घ्या. मग ०००-१११-००० शी तुलना करा. स्कायवॉटर १३० मध्ये सप्लाय १.८ व्होल्ट आहे, तर माझे वरचे १ व्होल्टचे आकडे ३.२४ ने गुणले जातील, आणि ड्रायव्हरचा स्वतःचा खर्च वेगळा.

त्यानंतर ओपनरोड किंवा ओपनलेन ह्या फुकट लेआउट टूलमध्ये एक छोटं डिझाइन राउट करा, पॅरासिटिक (वायरींचे रेझिस्टन्स आणि कॅपॅसिटन्स) काढताना कपलिंग कॅपॅसिटर वेगळे ठेवा, ग्राउंडला जोडून टाकू नका. ग्राउंड केले की हिशोब फक्त रँडम डेटाचा राहतो, शेजाऱ्यांचं नातं त्यातून पुसलं जातं, आणि मग क्रम बदलून काय वाचलं हे रिपोर्टमध्ये कधीच दिसणार नाही.

अ‍ॅक्टिव्हिटीसाठी व्हीसीडी फाइल घेतली तर लॅपटॉप हँग होतो, सैफ फाइल चालेल का?

सैफ लहान असते कारण तिच्यात प्रत्येक नेटने किती वेळा टॉगल केलं आणि किती वेळ १ होता एवढंच असतं, कोणाबरोबर केलं हे नसतं. म्हणजे एकूण पॉवरला चालेल, कोरिलेशनला नाही चालणार. त्यासाठी व्हीसीडीच लागते, तिच्यात प्रत्येक सिग्नलचा प्रत्येक बदल वेळेसकट असतो, पण अख्ख्या डिझाइनची कशाला घेता, फक्त त्या बसचे सिग्नल डम्प करा आणि खऱ्या वापरासारखा डेटा असलेला एक तुकडा निवडा. मग छोट्या पायथॉन स्क्रिप्टने प्रत्येक सायकलचा बदल +१, ०, −१ असा लिहून सगळ्या जोड्यांचे गुणाकार बेरीज करा, ६४ बिटला ६४ बाय ६४ चं टेबल तयार होतं. त्यात शेजारच्या ६३ जोड्यांमध्ये ज्या ठळक निगेटिव्ह दिसतात त्या आधी फोडा, आणि ज्या पॉझिटिव्ह जोड्या लांब लांब पडल्यात त्यांना शेजारी आणा. पावसात लाइट जाते म्हणून स्क्रिप्टमध्ये अधूनमधून निकाल फाइलमध्ये लिहीत जा.